जिथं मी टेकलोच नाही

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. नंबर बारा. दुकानातून आलो तेव्हा माझं टोक सुईसारखं होतं. आता केस गळलेत, पण तोरा शाबूत आहे.

माझे मालक भैय्यालाल मास्तर लाखांदूरचे. रविवारी एसटीने भंडाऱ्याला जायचं आणि भरल्या बाजाराचं चित्र जलरंगात काढायचं, हा त्यांचा नाद. हात सोन्याचा, पण स्वभाव भिडस्त! चित्र काढायला बसले की माणसं भोवती जमायची. "सर, मायं लुगडं हिरवंगार करा," म्हणे भाजीवाली पुष्पाबाई. "माया दुकानाचा बोर्ड वाचता आला पायजे," म्हणे तुलाराम. मास्तरांना नाही म्हणता येत नसे. मग राबायचं कुणी? मीच!

तीन वर्षं जिल्ह्याच्या प्रदर्शनातून चित्र परत आलं. शेरा एकच: 'गर्दी छान, पण नजर कुठं ठरत नाही.' यंदा मास्तर बायकोला, चंद्रकांताबाईंना म्हणाले, "ह्या साली नाही लागलं, त रंगाची पेटी माळ्यावर." माळ्यावर! म्हणजे पेटीबरोबर मीही!

यंदाही सगळे चित्रात घुसले. एकच जागा कोरी राहिली. भांडेवाले गोमाजी अडून बसले होते, "माया पितळेचा गुंड हळदीवानी पिवळा करू नोका. उन्हात लखलखला पायजे, नाही त काढूच नोका!" मास्तरांनी भीतभीत ती घागर कोरीच सोडून दिली.

घरी चंद्रकांताबाईंनी चित्र पाहिलं. "अजी, हे चित्र हाये का लग्नाचा फोटो? सगळेच मिरवून राह्यले. पाहू कोणाले?" आणि काही कळायच्या आत त्यांनी मला स्वच्छ पाण्यात बुडवून गर्दीवरून फिरवलं.

"काहून पुसून राह्यली वो!" मास्तर ओरडले. पुष्पाबाईचं लुगडं विरघळलं, तुलारामचा बोर्ड धुक्यात गेला. माझी चार रविवारांची मेहनत गेली!

मास्तरांची नजर मात्र त्या एकाच कोऱ्या जागेवर अडली. मग गर्द सावलीचा रंग घेऊन त्यांनी मला गुंडाच्या कडेकडेने चालवलं. आत नुसता कोरा कागद. बाप रे, गुंड पेटलाच!

चित्र लागलं. पाहायला अख्खा बाजार लोटला. "मी कुठी आहो?" पुष्पाबाई फणकारली. तुलाराम चष्मा पुसपुसून बोर्ड शोधत होता. पण भांडता भांडता दोघांचीही नजर गुंडावरच जाऊन बसली. गोमाजी तर छाती फुगवून म्हणाले, "पाहा, सरांनी माया गुंड कसा रंगवला!"

रंगवला? मित्रांनो, अख्ख्या कागदावर मी राबलो, आणि लोकांची नजर ठरली जिथं मी टेकलोच नाही तिथं! वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पेटी माळ्यावर गेली नाही, हे काय कमी आहे?

म्हणून सांगतो, आम्हाला हवं तेवढं राबवा, पण कुठं थांबायचं तेही शिका. आणि काम झालं की धुऊन आडवं ठेवा. पेल्यात डोक्यावर उभं केलं की केस जातात. माझे तसेच गेले.