तुटक रेघेवरचं झबलं

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. हयातभर त्यांनी शिवणाचा वर्ग चालवला. गुडघ्यांनी दगा दिला तसा वर्ग बंद झाला, आणि शिकवलेलं सगळं पुस्तकात उतरवायचं त्यांनी मनावर घेतलं. संगणकावर पानं लावायचं काम माझं, छापायचं आमच्या ह्यांचं. छापखाना घराच्या पुढच्याच खोलीत, त्यामुळे आम्हाला कामाला तोटा नाही आणि भांडणालाही.

वन्संची अट एकच. "ज्याला शिवणातलं ओ की ठो कळत नाही, त्यानं नुसतं पुस्तक बघून झबलं शिवून दाखवायचं. नाही जमलं तर छापायचं नाही. माझ्यामागे चुकीचं शिकवणारं पुस्तक नको."

असा माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. ह्यांना साधं बटण लावता येत नाही.

झबल्याच्या आकृतीचं पान कापडावर टाचून हे बसले. वन्सं मूग गिळून खुर्चीत. ह्यांनी ऐटीत कात्री उचलली आणि तुटक रेघेवरून कापड सरळ कापत नेलं. वन्संनी कपाळाला हात लावला. तुटक रेघ शिवायची होती. कापायची होती ती बाहेरची, अखंड.

"अरे, शिलाईला कापड कुठे ठेवलंस? हे आता बाहुलीलासुद्धा व्हायचं नाही!"

"ताई, तुटक रेघ कापायचीच असते. उभा जन्म कूपनं छापण्यात गेलाय माझा!"

मला हसू आवरेना. वन्संना मात्र हसू आलं नाही. "राहू दे," त्या म्हणाल्या, "शिवण कागदावरून येत नाही हेच खरं." आणि पानं गोळा करू लागल्या. त्यांचा तो पडलेला चेहरा मला बघवेना.

मी पानं काढून घेतली आणि त्यांना संगणकासमोर शेजारी बसवलं. रेघ हवी तशी घडवता येते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बाहेरची रेघ जाड केली, तिच्यावर कात्रीचं चित्र बसवलं. आतल्या रेघेचे तुकडे लहान केले.

"अजून आखूड. एवढा लांब टाका कोण घालतं?"

केले आखूड.

"आणि कोपऱ्यावर टाका पडलाच पाहिजे. तिथे मोकळी जागा नको."

तीही सोय होती. मग कुठून कुठे शिवायचं ते दाखवायला बाण. रेघेच्या मानानं त्याचं टोक भलतंच फुगलं, ते मी निम्म्यावर आणलं. सुरुवातीला काय लावू विचारलं, तर वन्संनी भरीव गोळ्यावर बोट ठेवलं. "ही गाठ. इथे दोरा पक्का करायचा, बाणापाशी तोडायचा." एव्हाना त्या मला वर्गातल्या मुलीसारखं दटावायला लागल्या होत्या. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नवं कापड, नवं पान. ह्यांनी या वेळी जाड रेघेवरून कापलं आणि जीभ दातांत धरून मशीनवर बसले. गोळ्यापासून निघाले. कोपरा आला तसे थांबले, सुई कापडात रुतवली, कापड वळवलं आणि पुढे बाणापर्यंत गेले.

वन्संनी झबलं उलटं करून शिवणीवरून अंगठा फिरवला. "वाकडी आहे."

ह्यांचा चेहरा उतरला.

"पण गळा, खांदा सगळं जागच्या जागी आहे. वाकडेपणा तुझा, पुस्तकाचा नाही. छाप."

झबलं घेऊनच हे छापखान्यात पळाले. वन्संनी माझा हात घट्ट धरला.

"कोपऱ्यावर कसा थांबला बघितलंस? मी काही बोलले नव्हते ना गं?"

"नाही वन्सं," मी म्हणाले. "एक अक्षरसुद्धा नाही."