रखमाजींचं पिल्लू आणि आरोहीचं पिल्लू

राजुरीच्या रखमाजींना पारव्यांचं भारी वेड. गोठ्याच्या पत्र्याखाली एका जोडीनं घरटं केलं, त्यात पिल्लू निघालं, तेव्हापासून हा गडी म्हशीच्याही आधी त्याची विचारपूस करायचा. त्यांच्या लेखी पिल्लू म्हणजे पारव्याचंच. बाकी जगानं या शब्दाचं काय काय करून ठेवलंय, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

तो पत्ता आरोहीला होता. ओतूरच्या मेडिकलमध्ये कामाला जाणारी ही त्यांची लेक मढच्या स्वराजला पिल्लू म्हणायची. सहा फुटी आडदांड माणूस, टोमॅटोचा टेम्पो चालवणारा, आणि म्हणे पिल्लू! लग्न करीन तर याच्याशीच, असं तिनं ठरवलेलं. पण बापापुढं तोंड उघडवत नव्हतं, आणि रविवारी तर दुसरंच स्थळ तिला बघायला यायचं होतं. शेजारच्या बयाबाईनं गावात पिल्लू सोडलंही होतं, की पोरगी कुणाच्या तरी गाडीवर दिसली. रखमाजींनी ते हसून उडवून लावलं.

शुक्रवारी संध्याकाळी आरोही गोठ्यात उभी राहून फोनवर हळूच विचारत होती, "जेवलं का माझं पिल्लू? उद्या ओतूरला येशील ना?"

"जेवलं की!" मागून रखमाजी आले, मुठीत उरलेली भिजवलेली डाळ. "आत्ताच भरवलं. पर ओतूरला कुठं बोलावतीस त्याला? अजून धड पंख न्हाई फुटलं!"

आरोहीनं गडबडीनं फोन कापला. दाराआड तिची आई सरूबाई पदर तोंडात कोंबून हसत होती. तिला सगळं ठाऊक होतं. आरोहीनं नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण एवढ्या भोळ्या बापाला फसवायची तिला लाज वाटली.

"आबा, हे पिल्लू न्हाई. माझं पिल्लू मढचं हाय. टेम्पो चालवतंय. मला त्याच्याशीच लगीन करायचंय."

रखमाजींच्या मुठीतली डाळ खाली सांडली.

"मंजी बयाबाई खरं बोलत व्हती?"

"व्हय."

"आयला! जल्मात पयल्यांदा!"

तेवढ्यात फोन वाजला. नाव उमटलं, पिल्लू. रखमाजींनी तो तिच्या हातातून काढून घेतला. आरोहीनं भीतीनं डोळे मिटले.

"हां, पिल्लू का? मी आरोहीचा बाप बोलतोय. घाबरू नगा. ओतूर-बितूर काय न्हाई, रविवारी हितं घरी या, आई-बापाला घिऊन. त्या दुसऱ्या पावण्यास्नी मी नगं म्हनून कळवतो. पोहं तर तसंबी भिजनारच हायती!"