कोरं टायर

वालूरच्या माणिकरावांनी गेल्या उन्हाळ्यात एक जुनी मिनीबस घेतली, तेव्हा गावाला वाटलं, आता हे लग्नाची भाडी मारणार. पण गाडी परभणीला बॉडी बांधणाऱ्याकडे गेली आणि परत आली तेव्हा आतल्या सगळ्या सीटा गायब. त्यांच्या जागी एक पलंग, गॅसचा लहानसा ओटा, टपावर पाण्याची टाकी, आणि मागच्या कोपऱ्यात दार लावलेला कमोडचा संडास. धरायला जागोजागी स्टीलचे दांडे. पारावर हसाहशी झाली. "माणिकरावानं संडासाला चाकं लावली," असं कुणीतरी म्हणालं आणि ते गावभर झालं. माणिकरावही हसले. ज्या माणसासाठी गाडी केली, त्याच्या कानावर हे जाऊ नये, एवढीच त्यांना काळजी होती.

दोन वर्षांमागं नर्मदाबाईंच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावी बाजू लुळी पडली. मालिश आणि व्यायामानं ती थोडी परत आली, आणि काठी अन् नवऱ्याचा खांदा यांच्या भरवशावर त्या घरात फिरू लागल्या. पण जीभ जड राहिली. शब्द मनात तयार असायचा, ओठावर यायला वेळ लागायचा. एसटीचं नाव काढलं की त्या मान हलवायच्या. वाटेत कुठं खाली बसायची वेळ आली तर उठवणार कोण, ही भीती त्यांना उंबऱ्याबाहेर पाय टाकू देईना. त्यांनी ती कधी बोलून दाखवली नाही. माणिकरावांनी आपली आपण ओळखली आणि ते गाडी शोधायला लागले.

नर्मदाबाईंची धाकटी बहीण केशरबाई राणीसावरगावला दिलेली. तिची सासू चतुराबाई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे केशरबाईलाही घर सोडता येत नव्हतं. आजारपणात ती एकदा परभणीच्या दवाखान्यात येऊन गेली, तेवढीच भेट. नंतर फोन चालायचे. पण फोनवर नर्मदाबाईंचं बोलणं केशरला नीट कळेना; ती सारखी "काय? काय म्हणलीस आक्का?" विचारायची. एक दिवस नर्मदाबाईंनी फोन बाजूला सारला. त्यानंतर केशरचा फोन आला की माणिकरावच बोलायचे आणि शेवटी म्हणायचे, "ही बरी हाय. हसायलीय बघ." नर्मदाबाई हसत नसायच्या.

येळवशीला केशरकडं जायचं हे माणिकरावांनीच ठरवलं. तिकडं येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, मोठी. सगळं गाव त्या दिवशी शेतात जेवतं. नर्मदाबाईंनी बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं आणि मान डोलावली.

निघायच्या सकाळी माणिकरावांनी चारही चाकांची हवा तपासली. नर्मदाबाई दारातल्या खुर्चीत बसून बघत होत्या.

"स्टे...पनी?" त्यांनी विचारलं.

स्टेपनी गाडीच्या बुडाला, मागच्या बाजूला साखळीनं टांगलेली होती. माणिकरावांनी वाकून हात घातला, टायरवर मूठ मारून बघितली. हवा होती. नक्षीही पूर्ण होती. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, तेसुद्धा बोटाला लागले. "कोरी करकरीत हाय," ते म्हणाले. "एकदाबी रस्त्याला लागली न्हाई."

परभणी गेलं. गोदावरीच्या पुलावर नर्मदाबाईंनी हात जोडण्यासाठी उजव्या हातानं डावा उचलून घेतला. गंगाखेड गेलं, आणि पुढं रस्त्याला माणूस नव्हतं. दुकानं बंद, टपऱ्या बंद, आणि दोन्ही बाजूंच्या रानांत कडब्याच्या खोपी करून माणसं जमलेली. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया बांधावरून चालल्या होत्या. नर्मदाबाई खिडकीच्या काचेला कपाळ लावून सगळं बघत होत्या.

राणीसावरगाव पंधरा-वीस किलोमीटर राहिलं असेल. स्टिअरिंग डावीकडं ओढायला लागलं. माणिकरावांनी ब्रेक न दाबता गाडी हळूहळू कडेला घेतली. पुढचं डावं चाक बसलं होतं.

"काय न्हाई, पंक्चर हाय," ते म्हणाले. "पाच-दहा मिनटात बदलतो."

मागच्या चाकांना त्यांनी दगड लावले. मग गाडीखाली सतरंजी टाकून स्टेपनी सोडायला लागले. साखळीचा दांडा गंजून गच्च झाला होता. पाना लावला तर पानाच सटके. शेवटी ओट्यावरची खोबरेल तेलाची बाटली आणली, दांड्यावर रिकामी केली, वाट बघितली आणि सगळं वजन टाकलं. दांडा किरकिरत फिरला. चाक एकेक कडी खाली येत मातीवर धपकन पडलं. त्याला ओढून बाहेर काढेपर्यंत माणिकरावांचा सदरा पाठीला चिकटला होता.

टायरवर कित्येक वर्षांची धूळ आणि चिखल बसलेला. त्यांनी ओल्या फडक्यानं पुसायला घेतलं, आणि नक्षीच्या खाली, टायरच्या बाजूवर, त्यांचं फडकं थांबलं. अंगभर बारीक भेगा होत्या. तळ्याचं पाणी आटल्यावर चिखलाला पडतात तशा. एका भेगेत नख शिरत होतं.

"आणा," नर्मदाबाई म्हणाल्या.

"काय बघायलीस? तू बस आतच."

"आणा... इकडं."

माणिकरावांनी चाक गडगडत दारापाशी नेलं. नर्मदाबाई पायरीवर टेकल्या आणि उजव्या हाताचा अंगठा त्या भेगांवरून फिरवला. अंगठ्याला काळा भुगा लागला. त्यांनी तो नवऱ्याला दाखवला.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

"अगं, नक्षी बघ की. जवळच तर जायचंय. बैलगाडीच्या चालीनं नेतो. केशर जेवायची थांबलीय."

"न्हाई."

"तुझ्यासाठीच चाललोय ना आपण? तुझ्या मनात किती हाय ते मला काय कळत न्हाई?"

नर्मदाबाईंचे ओठ हलले. माणिकरावांना सवयच होती. बायकोचा शब्द अडला की ते पटकन पुरवायचे. "भीती वाटायलीय व्हय?" त्यांनी विचारलं.

नर्मदाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. आणि मग सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाल्या, "पुढचं... चाक हाय. तुमी... चालवायलात. फुटलं तर... तुमाला काय झालं तर... मला... कोण उठवंल?"

 माणिकराव त्या टायरवरच बसले. समोरच्या तुरीच्या रानातून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता.

थोड्या वेळानं नर्मदाबाईंनी हात पुढं केला. "फोन."

"केशरला? मी सांगतो की."

हात तसाच राहिला. माणिकरावांनी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

"हॅलो? दाजी? कुठवर आलात?" पलीकडून आवाज आला. "हॅलो! दाजी?"

"के...शर."



"आक्का?"

"टायर... खराब झालं. तू... ये. हितं."

या वेळी केशरबाईनं "काय" म्हणून विचारलं नाही. नुसता तिचा हुंदका ऐकू आला.

"रडू नको," नर्मदाबाई म्हणाल्या. "आंबील... आण."

केशरबाईचा मुलगा भागवत पिकअप घेऊन आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. शेजारी केशरबाई, मांडीवर भाकरीचं दुरडं, पायात आंबिलीचं मडकं घट्ट धरलेलं. सुनेला, राजेश्रीला, सासूजवळ बसवून ती आली होती. पिकअप नीट थांबायच्या आत ती उतरली, गाडीची पायरी चढली, आणि आत गेल्यावर मात्र तिला काय करावं सुचेना. बहिणीची वाळलेली डावी बाजू, वाकडा झालेला ओठ हे सगळं ती आता नीट बघत होती. नर्मदाबाईंनी पलंगावर शेजारची जागा थोपटली. केशर तिथं बसली आणि बहिणीचा लुळा हात दोन्ही हातांत घेऊन चोळत राहिली, थंडीत लहान लेकराचा चोळतात तसा.

बाहेर भागवतनं टायर बघितलं आणि तो चुकचुकला. "काका, हे लावलं न्हाई ते बरं केलं. चला, गंगाखेडाला परमेश्वरचं दुकान हाय. बंद असंल, पण मी फोन करतो."

माणिकराव घुटमळले. दोन वर्षांत बायकोला दुसऱ्याच्या भरवशावर सोडून ते कुठं गेले नव्हते. गाडी त्यांनी जॅकवर उचलली नव्हती; आत माणसं असताना ती उचलायची नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी दगड परत तपासले. आत डोकावून म्हणाले, "संडासात पाणी हाय. उठताना डाव्या बाजूनं धरायचं. गोळी..."

"जावा की दाजी," केशरबाई म्हणाली. "मी हाय ना."

परमेश्वर स्वतःच्या शेतातून, ताटातलं जेवण ताटात ठेवून दुकानात आला होता. कपाळाला हळदीकुंकू तसंच होतं. त्यानं चाक आडवं टाकलं, टायरच्या बाजूवरचे चार आकडे ओल्या बोटानं पुसले आणि माणिकरावांना जवळ बोलावलं. "पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. हे बघा, बारा सालचं हाय."

"पण फिरलंच न्हाई ते."

"फिरलं काय, न फिरलं काय. रबर बसल्या जागी वाळतं. आमच्या घरच्या ट्रॅक्टरला बी हेच झालतं, तवापासून मी आकडे बघायलो." तो हसला. "मला बी नक्षीच दिसायची आधी."

मशीनवर जुनं टायर रिमवरून उतरलं. परमेश्वरनं त्याच मापाचं नवं टायर काढलं, त्याच्यावरचे आकडे माणिकरावांना वाचायला लावले, ते याच वर्षाचे निघाले तेव्हा बसवलं. हवेचा वॉल्व्हही बदलला. जुनं टायर दाराशी पडलं होतं. माणिकराव त्याच्याकडं बघत म्हणाले, "कुणाच्या कामाला येईल का?"

"कुणी उचलून गाडीला लावलं तर?" परमेश्वर म्हणाला, आणि करवत घेऊन त्यानं ते कापून टाकलं.

परत आल्यावर भागवत पिकअपमधून नवं चाक खाली काढायला लागला. माणिकराव गाडीच्या दाराकडं गेले आणि पायरीच्या अलीकडंच थांबले. आतून बोलणं ऐकू येत होतं.

नर्मदाबाई काहीतरी सांगत होत्या. लहानपणची गोष्ट असावी. विहीर, कुणाची तरी शेळी, आणि केशरनं घाबरून झाडावर बसून राहणं. वाक्य अर्ध्यावर थांबायचं. माणिकरावांच्या ओठावर पुढचा शब्द यायचा आणि ते तो गिळायचे. केशरबाई मधे बोलत नव्हती. नुसती वाट बघत होती. बराच वेळ गेला तरी बघत होती. मग शब्द यायचा, आणि मग पुढचा. अशी ती सगळी गोष्ट नर्मदाबाईंनी शेवटपर्यंत सांगितली. शेवटाला दोघी हसल्या. केशर खळखळून, नर्मदाबाई अर्ध्या तोंडानं.

दोन वर्षांत नर्मदाबाईंनी एवढं लांब काही सांगितलं नव्हतं. का नव्हतं, हे माणिकरावांना तिथं उभ्या उभ्या कळलं. त्यांनी मुंडाशाच्या शेवानं डोळे टिपले आणि मुद्दाम खोकले.

आत नर्मदाबाईंचे केस न्हाऊन विंचरलेले होते. टाकीतलं पाणी गॅसवर कोमट करून केशरनं त्यांना न्हाऊ घातलं होतं. ओट्यावर येळवशीची भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी झाकून ठेवलेली. माणिकरावांसाठी तांब्याभर आंबील बाजूला काढली होती.

"अवो," नर्मदाबाई म्हणाल्या, "बसा. आंबील..."

माणिकराव थांबून राहिले. काही बोलले नाहीत.

"...घ्या," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याकडं जरा नवलानं बघितलं.

मग दोघी बहिणी खाली उतरून लिंबाखाली सतरंजीवर बसल्या, आणि माणिकरावांनी जॅकखाली फळी ठेवून गाडी उचलली. नवं चाक बसलं. नट समोरासमोरचे, एकाआड एक असे भागवतनं आवळले. माणिकरावांनी ते परत एकदा आवळून बघितले. पंक्चरचं चाक पिकअपमध्ये गेलं. ते दुरुस्त करून उद्या साखळीला टांगायचं होतं. साखळीला वंगण लावायचंही ठरलं.

निघताना केशरबाई पिकअपमध्ये बसेना. ती आक्काजवळच बसली. भागवत पुढं आणि मिनीबस त्याच्या मागं, अशी वरात निघाली. उन्हं उतरली होती, रानातून माणसं घराकडं परतत होती.

माणिकरावांनी आरशात बघितलं. पलंगाच्या कडेला दोघी टेकून बसल्या होत्या. सासूच्या उठबशीत वर्षानुवर्षं ज्या बाईची रात्रीची झोप पुरी झाली नव्हती, ती बहिणीच्या चांगल्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपली होती. तोंड थोडं उघडं होतं. नर्मदाबाईंनी दांड्याला धरलेला हात हलू न देता तिला तोलून धरलं होतं.

गावाच्या तोंडाशी म्हशींचा कळप आडवा आला. माणिकरावांचा हात हॉर्नकडं गेला.

"अवो," मागून हळू आवाज आला. "हॉर्न... नको."

माणिकरावांनी गाडी थांबवली. म्हशी सावकाश जात राहिल्या. त्यांना कसलीच घाई नव्हती, आणि गाडीतही कुणाला नव्हती.