मानपानाचं गाणं

हसनाबादच्या कल्याणचं लग्न दोनदा मोडलं, आणि दोन्ही वेळा मुलगी तीच होती, दैवशाला. पहिल्या खेपेला दैवशालाच्या मामाला, म्हणजे रामकिसनमामाला, टॉवेल-टोपी कल्याणच्या कचरूकाकानंतर मिळाली. दुसऱ्या खेपेला आधी मिळाली, तर कचरूकाका रुसून बाभळीवर चढून बसले. त्यांना उतरवता उतरवता मुहूर्त टळला. भावकीतली जाणती माणसं सांगतात, की बाभळीलासुद्धा नारळ द्यावा लागला होता.

तिसऱ्या खेपेला दैवशालानं कल्याणला विहिरीवर गाठलं.

"रविवारपस्तोर तुझ्या माणसांना साध्या लग्नाला तयार कर. न्हाईतर मी टेंभुर्णीच्या पोराला हो म्हणून राह्यले."

आता कल्याणची पंचाईत अशी, की थोरांपुढं त्याच्या तोंडातून शब्द फुटत नसे. मात्र गळा असा, की त्यानं तान घेतली की म्हशी रवंथ थांबवायच्या. तेव्हा बोलता येत नाही ते गावं, असं ठरवून त्यानं बांधावर बसून गाणं रचलं:

साधं ठेव प्रेम, सखे, साधं ठेव प्रेम,
भाकर तुझी, ठेचा माझा, दोघांचा एकच नेम.

बस्स, एवढंच. त्यानं ते दोन्हीकडच्या मंडळींना म्हणून दाखवलं. कचरूकाकांचे डोळे भरून आले. रामकिसनमामांनी नाक पुसलं. साधेपणासारखी चीज न्हाई, यावर दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. मंग मामा हळूच म्हणाले, "गाणं बराबर हाय. पण ह्यात आमचं नाव कुठंय?"

झालं. आमच्याकडं लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रकच इतके असतात, की नवरदेव भिंग लावून शोधावा लागतो. गाण्याची गत वेगळी कशी होणार? मामाचं नाव घातलं म्हणून काकाचं, काकाचं घातलं म्हणून चार आत्यांचं, आत्यांचं घातलं म्हणून त्यांच्या यजमानांचं. एका चुलत्यानं ट्रॅक्टरचंही नाव लावून घेतलं, कारण ट्रॅक्टर घरातलाच.

एवढी नावं दरवेळी कोण गाणार, म्हणून गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं, नवीन जालन्यात. बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत अर्पितचा स्टुडिओ होता. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं भिंतींना सरकीची रिकामी पोती ठोकली होती. तिथं दोन टेम्पो भरून माणसं उतरली. नाव गाण्यात आलं की त्या माणसाला तिथल्या तिथं टॉवेल-टोपी देऊन नारळ फोडायचा; नुसतं नाव घेणं हा अपमान. अर्पितनं हात जोडले, "भाऊ, रिकॉर्डिंग चालू है, नारळ नंतर फोडा." पण कोण ऐकतंय. शेवटी नारळांच्या ठेक्यावर गाणं असं बसलं, की ढोलकीवाला वसंता हातावर हात ठेवून पेंगला. काका आधी की मामा आधी, यावर पुन्हा भडका उडाला. तेव्हा कल्याणनं आणि जोडीला बसवलेल्या गायकानं दोन नावं एकाच वेळी म्हटली. त्यामुळं कुणाचंच नाव कळेना, मंग दोघांची पुन्हा आत्यांच्या मागून निरनिराळी घेतली. माइक एकटाच बोडका उभा दिसला, तर एका आत्यानं त्यालाही टोपी घातली.

गाणं संपलं की साधं लग्न, असं ठरवून रविवारी सकाळी हसनाबादच्या मारुतीसमोर भोंगा बांधला. सगळं गाव देवळाकडं पाठ आणि भोंग्याकडं तोंड करून बसलं. गाणं सुरू झालं. साधं ठेव प्रेम, सखे, हे चार शब्द झाले न झाले तोच नावं लागली. सूर्य डोक्यावर आला तरी कुणी हलेना. पाणी प्यायला उठावं आणि नेमकं तेव्हाच आपलं नाव यावं, ही धास्ती. कल्याण मात्र सगळ्यांच्या मागं, देवळाच्या पायरीशी येरझाऱ्या घालत होता. दिवस चालला, आणि गाणं अजून आत्यांच्यात अडकलेलं.

दैवशाला त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. "हे साधं व्हय रं?"

कल्याणनं मान खाली घातली. वर केली, तेव्हा त्याला माणसांच्या पाठीच पाठी दिसल्या. एवढ्या गावात एक डोळा त्यांच्याकडं नव्हता.

मोकळा माणूस एकच, देवळातले राजानंद महाराज. देवाच्या मागोमाग त्यांचं नाव पहिल्याच दमात येऊन गेल्तं. कल्याणनं त्यांना खुणावलं. महाराजांनी कुजबुजत मंगलाष्टकं म्हटली. मारुतीच्या गळ्यातले दोन हार उतरून या दोघांच्या गळ्यात पडले. अक्षता उडाल्या त्या मामांच्या खांद्यावर. त्यांनी चिमणी समजून झटकल्या.

इतक्यात भोंगा गरजला: रामकिसन पाटील, मुलीचे मामा. मामांनी डोळे पुसले, कृतार्थ होऊन मागं वळले, आणि भाचीच्या गळ्यात हार.

मामांनी रुसायला तोंड फुगवलं, आजूबाजूला पाहिलं. पण रुसायचं तर समजूत काढणारं माणूस लागतं. कचरूकाकांना हाक मारली, तर त्यांनी वळूनही न बघता हातानं गप केलं, "थांब, माझं येऊ राह्यलंय."

मामा जरा वेळ तसेच फुगून उभे राहिले. कुणीच येईना, तेव्हा हवा सोडली आणि दोघांच्या डोक्यावर हात ठेवला.

"जल्दी घरी जा," ते हळूच म्हणाले. "ह्यांचं संपोस्तोर ज्वारी काढणीला येईल."