माश्यांची दुपारची झोप

रुक्मिणीने गिरीज गावच्या आपल्या वाडीत मधमाश्यांची पेटी आणली ती काकडीसाठी. आदल्या वर्षी मांडवावर फुलंच फुलं, आणि फळं म्हणाल तर चार, तीही वाकडी. पेटी आली, माश्या फुलांवर बसू लागल्या, आणि तेवढ्यात तिचा दीर श्रीरंग टेलिफोनची नोकरी सोडून घरी येऊन बसला. जन्म लोकांचे फोन दुरुस्त करण्यात गेलेला, आणि घरातला फोन कायम खरखरणारा, असा हा हुशार माणूस.

त्याने पेटीत मायक्रोफोन खुपसला, वायर पंपाच्या विजेच्या लायनीला बांधत बांधत ओटीवर आणली आणि सेलवरच्या टेपरेकॉर्डरला जोडली. मग हेडफोन लावून, डोळे मिटून, समाधी लागल्यागत बसू लागला.

"वहिनी, पेटी उघडायची नाही. मला आवाजावरून सगळं कळतं."

"पावसात त्यांना साखरेचं पाणी द्यावं लागतं ना, भावजी?"

"उपाशी असत्या तर सूर बदलला असता. घ्या, ऐका."

तिने ऐकलं. घूंऽऽ असा संथ, भरलेला आवाज. दिराचं एकदाचं काहीतरी कामाचं निघालं, असं म्हणत तिने साखरेचा डबा परत फळीवर ठेवला.

गणपती गेले आणि लोडशेडिंग सुरू झालं. त्याच आठवड्यात श्रीरंगाला शोध लागला की माश्या दुपारी झोपतात. शेजारचा फर्डिनंड चहाला आला होता. त्याला तो सांगत होता, "ठरल्या वेळी गप्प, ठरल्या वेळी जाग्या. ही शिस्त आपल्या माणसांत कुठे आहे? हं, बघ, झोपल्या."

रुक्मिणीने वर पाहिलं. ओटीवरचा पंखा नुकताच थांबत होता. श्रीरंगाचा टेप तर सेलवर, मग वीज जाताच माश्या गप्प कशा?

ती तडक वाडीत गेली आणि पेटीचं झाकण काढलं. आत एक माशी नव्हती. कोरड्या पोळ्यांना किड्यांची जाळी लागली होती आणि मधोमध मायक्रोफोन लोंबत होता. इतके दिवस लायनीला बांधलेल्या त्या वायरीत विजेचीच घरघर घुमत होती आणि हे ध्यान माना डोलवत होतं.

वीज आली. ओटीवरून श्रीरंगाची दबक्या आवाजात हाक आली, "वहिनी, जपून. जाग्या झाल्यात."

तिला त्याचं हसू यायला हवं होतं. राग आला तो स्वतःचाच. साखरेचा डबा फळीवर तसाच भरलेला होता.