परतीचा पंप

घरात त्याला सगळे पान्या म्हणत. रांगत्या वयात त्याने वडिलांच्या हत्यारांच्या पिशवीतला पाना ओढून स्वतःच्याच पायावर पाडून घेतला होता, तेव्हापासूनचं हे नाव. वडील प्लंबर होते, पुढे तोही प्लंबर झाला. हात थरथरायला लागल्यावर वडिलांनी काम सोडलं. गिऱ्हाइकं पान्याकडे आली आणि वडिलांकडे उरला तो चार फुटी फिशटँक.

टँक साधासुधा नव्हता. खालच्या कपाटात आणखी एक छोटी टाकी होती, तिला संप म्हणायचं. वरचं पाणी तिच्यात उतरायचं, गाळलं जायचं, आणि एक पंप ते परत वर चढवायचा. हा परतीचा पंप महिनाभर कण्हत होता. वडिलांनी पान्याला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तो म्हणाला, "बघतो, रविवारी येतो." दोन्ही रविवार त्याने झोपून काढले.

तिसऱ्या रविवारी तो गेला, तर कपाटापुढे मांडी घालून दाजी बसलेले. हातात मोजपट्टी, मांडीवर वही. दाजी म्हणजे ताईचा नवरा, विम्याच्या ऑफिसात कागद हलवणारा माणूस. घरातल्या नळाचा वायसर बदलायचा तरी पान्याला फोन करायचा.

"ये," वडील म्हणाले. "जावईबापूंनी तक्ता केलाय. बघ तरी."

बावीस वर्षं तो पाईप जोडत होता. 'बघ तरी' म्हणत वडिलांनी त्याचं काम कधी कुणाला दाखवलं नव्हतं.

दाजींनी वही पुढे केली. "या नव्या पंपाच्या खोक्यावर लिहिलंय, ताशी तीन हजार लिटर. पण ते पाणी वर चढवायचं नसेल तेव्हा. आपल्याला साडेचार फूट चढवायचंय, शिवाय दोन वळणं. म्हणजे हातात येणार सोळाशे. टँक चारशेचा, तासाला चार वेळा पाणी फिरलं की पुष्कळ झालं. याहून मोठा पंप घेतला तर मासे बिचारे दिवसभर प्रवाहाशी झुंजत बसतील. आणि याचा वेग कमी-जास्त करता येतो."

पान्याने तक्ता उलटसुलट पाहिला. त्याला चूक हवी होती. ती सापडेना, आणि तेच जास्त झोंबलं. तो असता तर जुन्यासारखाच पंप दुकानातून उचलून आणला असता.

"पुस्तकी आहे," तो म्हणाला.

"पण बरोबर आहे ना?" वडिलांनी विचारलं.

"बरोबर आहे."

वडील हसले आणि त्यांनी दाजींच्या पाठीवर थाप मारली. ती थाप पान्याला घरी जाईपर्यंत ऐकू येत होती. रात्री जेवताना बायको म्हणाली, "वाढलेलं पान आहे, ते काही दाजी नाहीत. त्याच्याकडे असं बघू नका."

पुढच्या रविवारी दाजींनी पंप स्वतः बसवला, नवा पाईपही घातला. पान्या हाताची घडी घालून मागे उभा राहिला. दाजींचे तळहात लाल झाले, एक जोड दोनदा निसटला, पण शेवटी पंप सुरू झाला, अगदी बिनआवाज. वडिलांनी कान कपाटाला लावला. "चालू आहे का रे?" त्यांनी मुद्दाम विचारलं आणि सगळे हसले.

तेव्हा पान्याला ते दिसलं. नव्या पाईपचं तोंड वरच्या टँकमध्ये अर्धी वीत खोल बुडलं होतं. लाईट गेली की पंप थांबणार आणि त्याच पाईपातून पाणी उलटं खाली यायला लागणार. पाईपचं तोंड उघडं पडेपर्यंत ते थांबणार नाही. चार बादल्या तरी उतरतील, आणि संपात जागा दोन बादल्यांची. जुन्या पाईपला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक होतं. त्यातून हवा शिरायची आणि पाण्याची उलटी ओढ तुटायची. नव्याला ते नव्हतं.

"काही राहिलं का रे?" दाजींनी कपाळ पुसत विचारलं. "यातलं तुला कळतं."

एक भोक, दोन मिनिटांचं काम. पान्या म्हणाला, "काही नाही. झकास झालंय."

मंगळवारी दुपारी तो एका गिऱ्हाइकाच्या बेसिनखाली आडवा होता, तेव्हा ताईचा फोन आला. लाईट गेली होती. बाबांच्या हॉलभर पाणी झालं, खालच्या मजल्यावरच्यांच्या छतातून ठिबकायला लागलं. बाबा पुसायला वाकले आणि घसरले. मनगट सुजलंय. "हे तर रडायच्या बेतात आहेत," ताई म्हणाली. "म्हणतात, माझ्यामुळे झालं."

पान्या पोचला तेव्हा वडील खुर्चीत होते, मनगटावर बर्फाची पिशवी. दाजी ओल्या विजारीत जमिनीवर बसून वहीत आकडे तपासत होते. पान्याने ड्रिल काढलं, पाईपला भोक पाडलं.

वडिलांनी दाजींना बर्फ आणायला आत पाठवलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "तू मागे उभा होतास, म्हणून मी वाकून पाहिलं नाही."

पान्या पाईपवरचा चुरा पुसू लागला.

"दिसलं नव्हतं, असं मला सांगू नकोस."

"दिसलं होतं."

"मग मला काय सांगतोस? त्याला सांग."

दाजी बर्फ घेऊन आले. पान्याने त्यांना सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात. दाजींनी पिशवी सासऱ्यांच्या मनगटावर नीट ठेवली.

"मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"बाबांच्या डोक्याला लागलं असतं तर?"

दाजींनी वही बंद केली, चपला घातल्या आणि गेले.

दोन रविवार ते आले नाहीत. पान्या मात्र दोन्ही रविवार गेला. खालच्यांचं छत त्याने स्वतः रंगवून दिलं. वडील त्याच्याशी बोलत, पण कामापुरतंच. तिसऱ्या रविवारी तोच ताईकडे गेला. दाजींनी दार उघडलं आणि 'ये' न म्हणताच बाजूला झाले. चहा झाल्यावर पान्या म्हणाला, "दाजी, मी जळत होतो तुमच्यावर."

"माझ्यावर?" दाजींना ते खरंच वाटेना. "अरे, तुझ्या घरात बारा वर्षं मी नळाच्या गोष्टी ऐकत बसलोय. एकदा कुठे मला काही बोलता आलं."

माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. पान्यानेही विचारलं नाही.

पावणेदोन महिन्यांनी पान्याला एका चार मजली इमारतीच्या टाकीसाठी पंप निवडायचं काम आलं. त्याने दाजींना फोन केला. दाजी वही घेऊन आले, जिन्यातून मोजत मोजत गच्चीपर्यंत चढले आणि धापा टाकत आकडा सांगितला. इमारतीच्या सेक्रेटरीबाई पान्याला म्हणाल्या, "तुमचे साहेब फार हुशार आहेत हो."

पान्याला पुन्हा झोंबलं. त्याने मोजपट्टी गुंडाळून दाजींच्या हातात दिली आणि म्हणाला, "साहेब नाहीत. आमचे दाजी आहेत."