निळ्या पडद्यापुढे

सूड उगवायचा तर तो भगभगीत दिव्यांखाली, पोटाची घडी दोन्ही हातांनी वर धरून उगवावा लागेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

आमच्या ह्यांचा फोटो स्टुडिओ आहे, घराच्या खालीच. माणसाला बारीक करून देण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. लग्नाची मुलगी असो नाहीतर पोट सुटलेला वकील, कॉम्प्युटरवर हे असं काही पुसतात की गिऱ्हाईक स्वतःच्याच प्रेमात पडून घरी जातं. फक्त बायकोचं काय करायचं ते त्यांना कधी सुचलं नाही. मग सोपा उपाय काढला. मला मागे उभं करायचं. खुर्चीच्या मागे, नणंदेच्या मागे, कुंडीच्या मागे. लेकीच्या लग्नातला मोठा फोटो बैठकीच्या खोलीत लावलाय, त्यात मी आहे म्हणजे एक कान आणि अर्धा खांदा आहे. "चौकटीत मावत नव्हती ही," असं हे भरल्या घरात म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

पुढे मी वजन उतरवायला जठर लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं, जिभेला लगाम घातला, पायांचे तुकडे पडेपर्यंत चालले आणि निम्मी झाले. पण कातडी कुठे जाणार? ती दंडांखाली लोंबत राहिली, पोटावरून मांड्यांवर उतरली. त्या घडीखाली घाम साचतो, कातडी सोलवटते, रक्त येतं. मलमं झाली, पावडरी झाल्या, मऊ फडकी खोचून झाली. चार पावलं चालले की आग होते. आणि लोक विचारतात, "काय बारीक झालात हो! काय खाता?"

हॉस्पिटलमधल्या सर्जनबाईंनी नीट तपासलं. "जास्तीची कातडी काढून टाकू," त्या म्हणाल्या. "आधी पोट, मग ते भरून आल्यावर दंड. सगळं एकदम नाही करत मी. पण आमची डॉक्टरांची कमिटी फोटो पाहून ठरवते, ऑपरेशन त्रासासाठी आहे की हौसेसाठी. मागे निळा पडदा हवा. समोरून, बाजूने, पाठीमागून, हात पसरून, आणि घडी उचलून. इथे काढा किंवा बाहेरून आणा."

"आमचा घरचाच स्टुडिओ आहे," मी म्हणाले. तेवढ्यात माझं सगळं ठरून गेलं होतं.

घरी येऊन सांगितलं, तर हे मागेच सरकले. "अगं, तिथेच काढ की. मला कसं जमेल?"

"का? धंदाच आहे ना तुमचा?"

शटर ओढून घेतलं. मी निळ्या पडद्यापुढे आतल्या कपड्यांवर उभी राहिले. हे कॅमेऱ्यामागे लपले. तोंडून सवयीने निघालंच, "जरा मागे हो."

"मागे नाही. आज मी पुढेच येणार."

दोन पावलं पुढे आले. हात पसरले. घडी उचलली. "हाही घ्या. जवळून." त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि मला फार बरं वाटत होतं. इतकी वर्षं मला चौकटीबाहेर ठेवलं, आता बघा म्हणावं डोळे भरून.

फोटो त्यांनीच हॉस्पिटलला पाठवले. पुढच्या आठवड्यात सर्जनबाईंचा फोन आला. कमिटीने नाकारलं होतं.

मी तडक हॉस्पिटलात गेले. बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. सपाट पोट. घट्ट दंड. घडी चिमटीत मावेल एवढीशी, आणि तिच्याखालची कातडी तान्ह्या बाळासारखी.

"मी तुम्हाला पाहिलंय हो," बाई म्हणाल्या, "पण कमिटी फोटोवर चालते. पुढच्या बैठकीआधी खरे आणा. नाहीतर फाइल बंद होईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन मी शटर धाडकन खाली ओढलं.

"मुद्दाम नाही केलं गं," हे म्हणाले. "पाठवायला बसलो आणि हात आपोआप चालला. दिवसभर तेच करतो ना."

ते खरं बोलत होते, आणि तेच मला जास्त झोंबलं. मुद्दाम केलं असतं, तर निदान आधी माझ्याकडे बघितलं तरी असतं.

मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. "मूळ फोटो काढा. घडीखालचा. मोठा करा. अजून मोठा."

लालबुंद, ओली, चिरलेली कातडी स्क्रीनभर पसरली. हे वाकून स्क्रीनजवळ गेले.

"हे मी पुसलं," ते म्हणाले. "मला वाटलं, नुसता डाग आहे. दुखतं का गं?"

"तुम्ही विचारलं नाहीत तेव्हापासून दुखतंय."

हे रडायला लागले. हा क्षण मी कितीदा मनात रंगवला होता. हे रडतील आणि मी विरघळेन. ते रडले. मी काही विरघळले नाही.

"रडून झालं की पाठवा," मी म्हणाले. "काही न पुसता."

या वेळी मंजुरी आली, तारीखही मिळाली. पण माझं उट्टं निघालं नव्हतं. मी त्यांच्याकडून आणखी एक फोटो काढून घेतला, बिनबाह्यांच्या कपड्यात, दोन्ही हात पसरून, दंडांची कातडी आहे तशी खाली आलेली. माझ्या उंचीएवढा छापायला लावला आणि दुकानाच्या दर्शनी काचेत, नवरा-नवरींच्या फोटोंच्या बरोबर मधे, उभा केला.

"गिऱ्हाईक काय म्हणेल?" हे काकुळतीला आले.

"विचारेल. तुम्ही सांगा."

काल मी आतल्या पडद्याआड बसले होते. एक बाई लेकीला घेऊन आल्या आणि काचेपाशी थबकल्या. "अगंबाई! ही कोण?"

ह्यांनी घसा साफ केला. "माझी बायको."

"मग जरा नीट करून नाही का लावायचा? तुमच्या तर हातातलं काम."

"नाही," हे म्हणाले. "ती अशीच आहे."

मी पडद्याआडून बाहेर आले नाही. पुढच्या महिन्यात पोट जाईल, मग दंड जातील, आणि हे मनातल्या मनात दिवस मोजत असतील, म्हणजे एकदाची काच मोकळी होईल. तो फोटो ऑपरेशननंतरही तिथेच राहणार आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.